विश्लेषण : जेवल्याचा निरोप स्वादुपिंडाला कोण देते? ‘हार्मोन’ शब्द देणारे अर्नेस्ट स्टार्लिंग कोण होते?

वजन कमी करणारी इंजेक्शने सध्या चर्चेत आहेत. त्यातले सेमाग्लुटाइड हे औषध आतड्यात तयार होणाऱ्या ‘जीएलपी-१’ या हार्मोनची नक्कल करते. आतडे हार्मोन बनवते हे आज नवे वाटत नाही. पण १९०२ पर्यंत ते कोणालाच माहीत नव्हते आणि ‘हार्मोन’ हा शब्दही नव्हता. या दोन्हींमागे एक नाव आहे, अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग.

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर. ते मुंबईत ‘क्लार्क ऑफ द क्राउन’ या पदावर नोकरीला होते आणि काही वर्षांतून एकदा घरी यायचे. घर आईनेच सांभाळले. गाय्ज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीचे शिक्षण झाले, पण रुग्ण तपासण्यापेक्षा शरीर कसे चालते यातच त्यांना जास्त रस होता. १८९९ मध्ये ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्राध्यापक झाले. तिथले सहकारी विल्यम बेलिस हे त्यांचे मेहुणेही होते, स्टार्लिंग यांच्या बहिणीचे पती. बेलिस शांत आणि चिकित्सक, स्टार्लिंग उतावळे आणि स्पष्टवक्ते. जोडी जमली ती बहुधा त्यामुळेच.

१६ जानेवारी १९०२ रोजी काय घडले?

जठरातले आम्लयुक्त अन्न लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड पाचक रस सोडते. हा निरोप मज्जातंतूंमार्फत जातो, असे रशियातील इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेचे मत होते आणि पचनाच्या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. स्टार्लिंग आणि बेलिस यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू कापले आणि तिथे आम्ल सोडले. तार तोडली होती, म्हणजे घंटा वाजायला नको होती. पण स्वादुपिंडातून रस आलाच.

पुढची कल्पना स्टार्लिंग यांची. त्यांनी आतड्याचे अस्तर वाळू आणि आम्लासोबत घोटले, गाळले आणि तो अर्क थेट रक्तात टोचला. थोड्याच वेळात पुन्हा रस वाहू लागला, तोही भरपूर. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या पदार्थाला त्यांनी ‘सिक्रिटिन’ म्हटले. पावलोव्ह यांनी प्रयोग आपल्याकडे करून पाहायला लावला आणि निकाल दिसल्यावर तो मान्य केला. १९०५ च्या व्याख्यानात स्टार्लिंग यांनी अशा निरोप्या पदार्थांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. त्याचे मूळ ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे.

मग पोटातले आम्ल कोण आवरते?

त्याच वर्षी जॉन एडकिन्स यांनी जठराच्या खालच्या भागातून ‘गॅस्ट्रिन’ शोधले. जेवण पोटात आले की गॅस्ट्रिन सुटते आणि आम्ल वाढते. आम्ल फार झाले की ‘सोमॅटोस्टॅटिन’ गॅस्ट्रिनला ब्रेक लावते. अन्न आतड्यात उतरल्यावर सिक्रिटिन स्वादुपिंडाकडून बायकार्बोनेट मागवते, त्याने आम्ल मवाळ होते. जेवणात तूप-तेल असेल तर ‘कोलेसिस्टोकायनिन’ पित्ताशय आकुंचित करते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. तळलेले खाल्ल्यावर पोट बराच वेळ भरल्यासारखे वाटते, त्याचे हे एक कारण. मज्जातंतूंचे कामही खोटे नव्हते. अन्नाच्या वासानेच आम्ल सुटू लागते ते त्यांच्यामुळे. दोन्ही यंत्रणा एकत्र चालतात.

बिचाऱ्या एडकिन्स यांच्यावर मात्र अनेक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. अर्कातल्या हिस्टामिनमुळेच आम्ल सुटते, असे म्हटले गेले. लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी १९६४ मध्ये शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे केले, तेव्हा एडकिन्स हयात नव्हते.

वाद कशावरून झाला?

१९०३ मध्ये बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक केले. त्याला पुरेशी भूल नव्हती, असा आरोप प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी केला. बेलिस यांनी बदनामीचा दावा लावला आणि २,००० पौंडांची भरपाई जिंकली. पण त्याच कुत्र्यावर आधी आपण शस्त्रक्रिया केली होती, हे स्टार्लिंग यांना न्यायालयात सांगावे लागले. एकच प्राणी दोनदा वापरणे कायद्यात बसत नव्हते. दुसऱ्या कुत्र्याचा जीव वाचावा म्हणून तसे केले, ही त्यांची बाजू. खटला जिंकला तरी हा ठपका पुसला गेला नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला आणि त्यावरून दंगेही झाले.

हृदय जितके ताणले जाते तितक्या जोराने आकुंचन पावते, हा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेला नियमही फ्रँक आणि स्टार्लिंग यांच्या नावाने आहे. तरीही स्टार्लिंग यांना नोबेल मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाचे काम करताना त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांवर उघड टीका केली होती. ‘सर’ हा किताब १९२२ मध्ये बेलिस यांना मिळाला, स्टार्लिंग यांना कधीच नाही. पोटाचे हार्मोन शोधणाऱ्या या माणसाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आणि १९२० मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतरही ते काम करत राहिले. २ मे १९२७ रोजी सागरी प्रवासात, जहाज जमैकातील किंग्स्टन बंदराशी पोहोचत असताना त्यांचे निधन झाले. दफनही तिथेच झाले.