गोथाचा धर्मशील ड्यूक अर्नेस्ट

जर्मनी देशात पूर्वी आपल्याकडील संस्थानांप्रमाणे लहानमोठी कितीतरी राज्ये होती, व त्यांतील कित्येकांच्या अधिपतींस ड्यूक अशी पदवी असे. अशा एका ड्यूकचे चरित्र आज सादर करीत आहो. त्याचे राज्य लहान होते. पण त्या राज्यातील नांगरगट्ट्याच्या मुलासही वाचता आले पाहिजे, असा त्याने ध्यास घेतला होता.

अर्नेस्ट हा सन १६०१ च्या डिसेंबरच्या २५ व्या तारखेस, म्हणजे नाताळच्या दिवशी, आल्टेनबुर्ग येथे जन्मला. ज्या योहान फ्रीड्रिखने सुधारलेल्या धर्मासाठी १५४७ साली म्यूलबेर्गच्या लढाईत आपले इलेक्टरपद गमावले व पुढे पाच वर्षे सम्राटाच्या कैदेत काढली, तो ह्याचा पणजोबा. अर्नेस्ट चार वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याचा पिता वारला. पुष्कळ लहान मुलांचा सांभाळ विधवा आई डोरोथेया मारिया हिच्यावर पडला. ही बाई विद्येची मोठी चाहती होती. मुलांस प्रथम त्यांच्या मातृभाषेतून शिकवावे, असे प्रतिपादन करणाऱ्या राट्के नामक शिक्षणशास्त्रज्ञास तिने आश्रय दिला होता. ती १६१७ त निवर्तली, तेव्हा अर्नेस्ट १५ वर्षांचा होता. आईने पेरलेले बी पुढे कोठे उगवले हे वाचकांस लवकरच दिसेल.

१६१८ मध्ये जर्मनीत तीस वर्षांचे घोर युद्ध पेटले. अर्नेस्टचा धाकटा भाऊ बर्नहार्ड हा त्यात मोठा सेनापती म्हणून गाजला. अर्नेस्टही स्वीडनचा राजा गुस्टाव्ह अडोल्फ ह्याच्या सैन्यात होता, व १६३२ त ज्या ल्यूत्झेनच्या रणांगणावर तो राजा पडला तेथे तोही लढला. परंतु तरवारीत त्याचे मन रमले नाही. १६३५ त प्रागचा तह झाला त्यास त्याने मान्यता दिली, आणि पुढल्याच वर्षी आल्टेनबुर्गच्या घराण्यातील एलिझाबेथ सोफी हिच्याशी विवाह केला.

१६४० साली भावाभावांत वाटणी होऊन अर्नेस्टच्या वाट्यास गोथा आले. कसले राज्य ते! गावे जळालेली, शेते ओस, शाळा बंद आणि प्रजा इतकी अज्ञानात बुडालेली की, प्रौढ माणसांसही प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा धड येत नसत. ड्यूकने गावोगाव तपासणी करविली आणि मोठ्या माणसांनाही प्रश्नोत्तरावली शिकविण्याची व्यवस्था केली. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मुलांसारखे धडे द्यावयाचे, हे पुष्कळांस रुचले नाही. शेजारचे लोक त्यास ‘प्रार्थनावाला अर्नेस्ट’ म्हणून हिणवीत. त्याने तिकडे लक्ष दिले नाही.

त्याचे खरे मोठे कार्य म्हणजे १६४२ चा शाळांचा कायदा. विद्वान शिक्षक आंद्रेयास रायहेर ह्याच्या हातून त्याने तो तयार करविला. पाच वर्षांवरील प्रत्येक मुलाने, मुलगा असो की मुलगी, शहरात असो की खेड्यात, शाळेत गेलेच पाहिजे असे ठरले. जे आईबाप मूल पाठवीत नसत त्यांस दंड होई. गुराख्याच्या पोराला शाळेत बसविले तर गुरे कोण राखणार, हा प्रश्न काही आपल्याच गावचा नव्हे! वाचन, लेखन, गणित, गायन आणि धर्मशिक्षण हे विषय असत. पुढे सृष्टीतील वस्तूंची माहिती देणारे पुस्तकही रायहेरने लिहिले. सर्व शिक्षण जर्मन भाषेत, म्हणजे मुलांस समजेल अशा बोलीत होई. ड्यूक अर्नेस्टचे शेतकरी इतर ठिकाणच्या सरदारांपेक्षा अधिक शिकलेले आहेत, असे पुढे लोक म्हणू लागले.

त्याच्याच प्रेरणेने १६४१ साली न्यूरेनबेर्ग येथे विवरणासह मोठे बायबल छापून निघाले. गोथाचा जुना किल्ला ग्रिमेनश्टाइन १५६७ त जमीनदोस्त झाला होता. त्या जागी १६४३ मध्ये त्याने नवा वाडा बांधावयास घेतला व त्याचे नाव फ्रीडेनश्टाइन, म्हणजे शांतीचा पाषाण, असे ठेविले. युद्ध संपावयास तेव्हा आणखी पाच वर्षे होती. ह्याच वाड्यात १६५२ मध्ये हबशी देशाचा एक ख्रिस्ती धर्मगुरू, अब्बा ग्रेगोरियस, पाहुणा म्हणून आला. ड्यूकने त्याजकडून त्या दूरच्या मंडळीची हकीकत विचारून घेतली, आणि लुडोल्फ नामक पंडिताने त्याच्या साहाय्याने हबशी भाषेचा अभ्यास केला. १६६३ त ड्यूकने वान्सलेबेन ह्यास हबशी देशाकडे धाडले. पण तो मिसर देशापलीकडे गेलाच नाही, आणि पुढे रोमन मतात गेला. पैसा व श्रम दोन्ही फुकट गेले.

ह्या चित्राला काळी बाजूही आहे, ती झाकणे बरे नव्हे. चेटूक केल्याच्या आरोपावरून स्त्रियांवर खटले भरण्याची त्या काळची क्रूर चाल गोथाच्या राज्यातही चालू होती, आणि इतक्या न्यायी राजाने ती मोडली नाही. त्याचे कायदेही फार बारीकसारीक असत. प्रजेच्या घरातील प्रत्येक गोष्टीत सरकारने डोकवावे, असे त्यास वाटे.

त्यास एकंदर १८ अपत्ये झाली. कित्येक बालपणीच गेली. सात पुत्र मागे राहिले. त्यांनी वडील भाऊ फ्रीड्रिख ह्याच्या नेतृत्वाखाली एकत्र राज्य करावे, अशी पित्याची इच्छा होती. तो २६ मार्च १६७५ रोजी मरण पावला, आणि १६८० त मुलांनी राज्याचे सात तुकडे केले! गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन, र्‍योम्हिल्ट, आयझेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड अशा सात गाद्या झाल्या. झालफेल्डच्या शाखेतूनच पुढे व्हिक्टोरिया राणीचा पती आल्बर्ट निपजला.

वाटणीत राज्य फुटले, शाळा मात्र टिकल्या. १६६६ साली ड्यूकच्या नोकरीत फ्रांके नावाचा एक कायदेपंडित गोथास आला. त्याजबरोबर आउगुस्ट हेर्मान नावाचा तीन वर्षांचा मुलगा होता. ह्या मुलाचे बालपण गोथात गेले, व तेथील विद्यालयातही तो शिकला. मोठेपणी त्याने हाल्ले येथे अनाथाश्रम व शाळा काढल्या. त्याच हाल्ले येथे शिकलेला झीगेनबाल्ग १७०६ च्या जुलैत तामिळ देशातील तरंगंबाडी बंदरात उतरला, आणि त्याने तेथे मुलांसाठी व मुलींसाठीही शाळा घातल्या.