सूर्याजी पिसाळ

कृष्णाकांठीं वाईपासून सांगलीपर्यंत कोठेंही जा. विश्वासघातक्याला सूर्याजी पिसाळ म्हटलें कीं निराळा खुलासा करावा लागत नाहीं. अशा माणसासाठीं मराठींत फितूर हा शब्द आहेच. तो मूळचा अरबी, अर्थ ढिलेपणा. फारसीच्या वाटेनें आपल्याकडे येतां येतां त्याचा द्रोह झाला. परंतु शब्दाहून माणसाचें नांव अधिक झोंबतें. हा माणूस होता तरी कोण?

पिसाळ हें वाईकडील देशमुख घराणें. देशमुखी म्हणजे पिढीजात वतन. वसुलांतला वांटा, मानपान आणि गांवोगांवचा अधिकार. तिच्यापायीं सख्खे भाऊबंद वैरी होत. वतनदारांच्या ह्या सत्तेला शिवाजीमहाराजांनीं लगाम घातला होता. मोंगलांनीं नेमकें तेंच आमिष पुढें केलें.

१६८९ च्या मार्चांत औरंगजेबानें संभाजीमहाराजांचा वध केला. लागलीच इतिकादखानाचा रायगडास वेढा पडला. राजाराममहाराज एप्रिलांत गडावरून निसटले व पुढें जिंजीस पोंचले. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मात्र मागें राहिले. नोव्हेंबरांत गड पडला, मायलेक कैद झाले. शाहू सुटले १७०७ सालीं. येसूबाई तर १७१९ पर्यंत परक्यांच्या हातीं होत्या. खानास झुल्फिकारखान हा किताब मिळाला.

वाईच्या देशमुखीसाठीं सूर्याजीनें खानाला साह्य केलें, अशी परंपरा आहे. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ती नमूद केली, आणि वतनासाठीं तो मुसलमान झाला असेंही लिहिलें. पण हें लिहिणें गड पडल्यावर सुमारें १३६ वर्षांनीं झालें. गड फितुरीनें नव्हे, वाटाघाटीनें खालीं झाला, असेंही कांहीं अभ्यासक मानतात. शिवाय वतनाचा लोभ एकट्या सूर्याजीला नव्हता. सरदार टिकवावयास राजाराममहाराजांनाही पुढें वतनें द्यावीं लागलीं.

हा धडा आम्हीं अनेक वर्षें मोठ्या आवेशानें शिकविला. दरवाजा उघडण्याचा प्रसंग आला कीं वर्ग संतापे, आणि आम्हांला, खरें सांगावयाचें तर, त्याचा आनंदच होई. एके वर्षीं शेवटच्या बांकावर पिसाळ आडनांवाचा मुलगा मान खालीं घालून बसला होता. तास संपल्यावर तो जवळ आला व हें कोणीं पाहिलें होतें, एवढेंच त्यानें विचारलें. आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या संध्याकाळीं आम्हीं पुस्तकें पुन्हां उघडलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तोच धडा त्याच वर्गांत फिरून घेतला.