रक्तसाक्षी जस्टिन

आमच्या पणजीच्या कानी प्रभूचे नाव कधी पडलेच नाही, मग तिचे काय झाले असेल, असे शब्बाथशाळेत एखादे मूल विचारते आणि शिक्षक क्षणभर निरुत्तर होतो. ज्या घराण्यांत सुवार्ता दोन-चार पिढ्यांपूर्वीच आली, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. पण तो नवाही नाही. दुसऱ्या शतकात रोम शहरात एका ख्रिस्ती शिक्षकापुढे तो उभा राहिला होता. त्या जस्टिनची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जस्टिनचा जन्म इ. स. १०० च्या सुमारास शोमरोन प्रांतातील फ्लाविया नेआपोलिस, म्हणजे आजच्या नाब्लस येथे झाला. प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले ती याकोबाची विहीर तेथेच आहे. पण जस्टिनचे घराणे यहूदी नव्हते, शोमरोनीही नव्हते. ते परराष्ट्रीय होते. देव कोण, हे जाणण्याची त्याला तरुणपणीच तळमळ लागली. पहिला गुरू स्तोइक पंथाचा होता. त्याच्यापाशी देवाविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्याने आधी फी ठरवू असे म्हटले. तिसऱ्याने संगीत, ज्योतिष व भूमिती शिकून ये म्हणून परत पाठविले. शेवटी प्लेटोच्या मतात त्याचे मन रमले. अशात समुद्रकाठी त्याला एक वृद्ध भेटला व त्याने त्याला संदेष्ट्यांचे ग्रंथ दाखवून दिले. ख्रिस्ती लोक मरणाला भीत नाहीत हेही त्याने पाहिले होते. तो ख्रिस्ताचा झाला. पुढे रोमला जाऊन त्याने आपल्या बिऱ्हाडी येईल त्याला शिकविण्यास आरंभ केला.

इ. स. १५५ च्या सुमारास त्याने सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने विरोधकांच्या एका आक्षेपाला उत्तर दिले आहे. ख्रिस्त दीडशे वर्षांपूर्वी जन्मला, तर त्याआधीच्या माणसांवर काहीच जबाबदारी नव्हती काय, असा तो आक्षेप होता. जस्टिनने योहानाच्या शुभवर्तमानातील शब्दाचा आधार घेतला. ख्रिस्त हा देवाचा आद्य शब्द आहे आणि सर्व मानवजातीला त्याचा अंश लाभला आहे. म्हणून जे त्या शब्दाला धरून वागले, ते लोकांनी नास्तिक ठरविले तरी ख्रिस्ताचेच होत. ग्रीकांमध्ये सॉक्रेटिस व हेराक्लायटस, इतरांमध्ये अब्राहाम व एलीया, अशी नावेही त्याने दिली. जे त्या शब्दाला सोडून वागले, ते मात्र ख्रिस्ताचे वैरी ठरले.

सर्व धर्म सारखेच, असे मात्र जस्टिन म्हणत नव्हता. मूर्तिपूजेला तो भुतांची फसवणूक समजे. तत्त्वज्ञान्यांना बीज मिळाले, पूर्ण सत्य ख्रिस्तातच प्रगट झाले, असे तो शिकवी. मंडळीतही या बाबतीत एकमत झाले नाही. १५३१ साली झ्विंग्लीने सॉक्रेटिसलाही स्वर्गवासी भक्तांत गणले. १५४४ साली लूथरने त्यावर कडक टीका केली. दोघेही सुधारक, दोघांच्याही हाती तेच पवित्र शास्त्र.

ही आशा बाळगल्यामुळे जस्टिनची साक्ष ढिली पडली काय? त्याचे मरणच याला उत्तर देते. इ. स. १६५ च्या सुमारास तो सहा सोबत्यांसह नगराधिकारी रुस्टिकस याच्यापुढे उभा केला गेला. हा रुस्टिकस सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू व स्तोइक मताचा विद्वान होता. दैवतांना यज्ञ करा, एवढीच त्याची आज्ञा होती. सातांपैकी एकानेही ती मानली नाही. त्यांत एक जण सम्राटाच्या घरचा गुलाम होता. सर्वांचा शिरच्छेद झाला. सॉक्रेटिसमध्ये ज्याला ख्रिस्ताचे बीज दिसले, त्यानेच ख्रिस्ताला नाकारण्यापेक्षा मरण पत्करले.

म्हणून त्या मुलाने पणजीविषयी विचारले तर त्याला गप्प बसवू नये. तिचा न्याय करणारा प्रभू न्यायी व दयाळू आहे, एवढे आम्ही निश्चयाने सांगू शकतो. त्यापुढचा निकाल आपल्या हाती नाही. मात्र तिच्या कानी जे नाव पडले नाही ते आपल्या कानी पडले आहे. आज आपल्या शेजाऱ्याच्या कानी ते आपल्या वागणुकीतून पडते की नाही, याचा जाब मात्र आपल्याला द्यावा लागेल.