दोनदा बडतर्फ झालेला अबकारी कर्मचारी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४७ साली थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण हा पेन इंग्लंडच्या अबकारी खात्यातला साधा कर्मचारी होता, हे आम्ही क्वचितच सांगतो.

१७३७ साली थेटफर्ड गावी कारागिराच्या घरी जन्मलेला पेन सरकारी नोकरीत शिरला. पगार वर्षाला ५० पौंड, घोड्याचा खर्चही त्यातूनच. माल न तपासताच तपासल्याची नोंद केली, या ठपक्यावरून १७६५ मध्ये तो बडतर्फ झाला. पुन्हा अर्ज केला, १७६८ मध्ये ल्यूस येथे नेमणूक मिळाली. १७७२ साली त्याने सर्व अबकारी कर्मचाऱ्यांसाठी पगारवाढ मागणारी पुस्तिका लिहिली. अर्धपोटी नोकराला लाच लवकर वाकवते, हा त्याचा मुद्दा होता. संसदेने दाद दिली नाही. १७७४ मध्ये विनापरवाना गैरहजेरीच्या कारणावरून तो पुन्हा बडतर्फ झाला.

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला. १७७६ च्या त्याच्या ‘कॉमन सेन्स’ने राजसत्ता हादरवली. तिथेही काँग्रेसच्या परराष्ट्र समितीचे सचिवपद त्याला १७७९ मध्ये सोडावे लागले. फ्रेंच मदतीतली नफेखोरी उघड करताना त्याने गुप्त कागदांचा हवाला दिला होता.

आमच्या नोकरदार बांधवांनो, पोटासाठी नोकरी हवीच. पण पेनने एकट्याची बढती मागितली नाही, सर्वांचा पगार मागितला. खुर्ची मिळाल्यावर आपण कोणासाठी मागतो?