पाखरांवरचा आळ तपासणारे डॉ. सलीम अली

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. तलावाभोवतीच्या अरण्याला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. तेथील पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके पाहायला जमणाऱ्या हौशी पर्यटकांना हे नाव परिचयाचे असते. मात्र पाहुण्या पाखरांच्या ज्या अभ्यासासाठी सलीम अली विशेष ओळखले गेले, त्याला आर्थिक बळ लाभले ते माणसांच्या एका तापामुळे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांतील ते शेंडेफळ. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. स्वयंपाकासाठी जिवंत आणलेल्या तित्तिर-लाव्यांपैकी काहींना वाचवून जाळीत पाळण्याचा नाद त्यांना त्या वयातच जडला होता. पुढे छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी घेऊन गेला. सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांनी या मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

ती दिशा सरळ मात्र नव्हती. मध्ये ब्रह्मदेशात खाण आणि लाकडाच्या व्यवसायात त्यांनी अपयश पचवले, १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला आणि १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्र संग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे शिस्तबद्ध शिक्षण घेतले आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकवण्याचे तंत्र आत्मसात केले.

त्याच सुमारास, १९२९-३० च्या हिवाळ्यात, युरोप-अमेरिकेत पाळीव पोपटांची धास्ती पसरली होती. दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी आलेले पोपट घराघरांत पोहोचले आणि त्यांच्या मागोमाग सिटॅकोसिस नावाचा ताप. पोपटाच्या ग्रीक नावावरून या रोगाचे नाव पडले. तो नवा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये याकोब रिटर यांनी १८७९ मध्ये एकाच घरातील अशा रुग्णांची नोंद केली होती. पण या वेळी साथ अनेक देशांत पसरली. जर्मनीला तिचा मोठा फटका बसला, तर अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हूवर यांना जानेवारी १९३० मध्ये पोपटांच्या आयातीवर निर्बंध घालावे लागले. १९३० मध्येच लंडनमध्ये बेडसन आणि बर्लिनमध्ये लेव्हिंटाल यांनी या रोगाच्या कारणाचा माग काढला. तो जंतू इतका सूक्ष्म आणि पेशीत दडून वाढणारा, की पुढे कित्येक वर्षे त्याला विषाणूच मानले जाई. तो जीवाणू आहे, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. आज तो क्लॅमिडिया सिटॅसी या नावाने ओळखला जातो.

या रोगाची मेख अशी, की पोपट दिसायला धडधाकट असूनही जंतू बाळगून असू शकतो. दाटीवाटीचे पिंजरे, लांबचा प्रवास, उपासमार यांचा ताण पडला की विष्ठेतून आणि नाका-डोळ्यांच्या स्रावातून जंतू बाहेर पडू लागतात. विष्ठा वाळते, तिची धूळ होते आणि पिंजरा झाडणाऱ्याच्या श्वासातून ती फुप्फुसात जाते. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया. प्रतिजैविके येण्यापूर्वी शंभरातील पंधरा-वीस रुग्ण दगावत. आता वेळेवर डॉक्सिसायक्लिन दिल्यास मृत्यू क्वचितच होतो. म्हणजे दोष पाखराच्या जातीपेक्षा त्याच्या व्यापाराचा अधिक होता.

सलीम अली १९३० मध्ये परतले तेव्हा निधीअभावी त्यांची नोकरी रद्द झाली होती. अलिबागजवळच्या किहीम येथे तेहमिनांसह राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा आणि संसाराचा अभ्यास केला. बेकारीने दिलेली ही सवड पक्षिशास्त्राला चांगलीच मानवली. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. ते दुःख पोटात घेऊन त्यांची भटकंती चालूच राहिली. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे लोकप्रिय पुस्तक आले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडी ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध झाला.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासानूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालची माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधलेला विषाणू रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला. सैबेरियातून येणाऱ्या पाखरांनीच तो आणला असावा, असा तर्क साहजिकच पुढे आला. हा आळ खरा की खोटा, हे पाहायचे तर कोणता पक्षी कुठून येतो, कुठे जातो, अंगावर कोणत्या गोचिडी वाहतो हे कळायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने १९५९-६० च्या सुमारास पक्ष्यांना वाळी घालण्याची मोहीम हाती घेतली. हेलिगोलँडला शिकलेली विद्या तीस वर्षांनी कामी आली. हजारो पक्षी पकडून, तपासून सोडण्यात आले. हा विषाणू स्थानिक जंगलातील माकडे, लहान सस्तन प्राणी आणि गोचिडी यांच्यातच नांदतो, हे संशोधनातून पुढे उलगडत गेले. पाहुण्या पाखरांविरुद्धचा पुरावा उभा राहिला नाही. पण त्यांच्या स्थलांतराचे ज्ञान मात्र देशाला मिळाले.

याच कामाने त्यांना मनस्तापही दिला. स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांच्या ज्या पाहणीशी सोसायटीचे काम जोडले गेले होते, तिला अमेरिकी लष्कराचा पैसा होता. १९७४-७५ मध्ये जैविक युद्धाच्या तयारीचा संशय घेतला गेला आणि संसदेच्या लोकलेखा समितीनेही या प्रकरणात लक्ष घातले. रोगांचा अभ्यास आणि रोगांचे शस्त्र यांतील अंतर शंकेखोर काळात किती पुसट होते, याचा अनुभव सत्तरी ओलांडलेल्या या अभ्यासकाला आला. त्यानंतर १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व लाभले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीन-चार वर्षांतच, १९९०-९१ मध्ये, भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. गळ्याभोवती गुलाबी कडे असलेला आपला पोपट किंवा मोठा पहाडी पोपट पाळणे हा आज कायद्याने गुन्हा आहे. तरीही चोरट्या बाजारात पिल्ले विकली जातात, कोंदट टोपल्यांतून प्रवास करतात आणि चाळीच्या गॅलरीत मिठू होऊन बोलू लागतात. विदेशी बजरीगर तर उघडपणे मिळतात. सिटॅकोसिसखेरीज साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे अतिसाराचे जीवाणूही पिंजऱ्यातून घरात येऊ शकतात. पोपटाला तोंडाने दाणा भरवणारी मुले आणि घरातील वृद्ध यांना धोका अधिक. पशुवैद्यांचा सल्ला साधा आहे: नवा पक्षी आधीच्या पक्ष्यांपासून काही आठवडे वेगळा ठेवावा, विष्ठा कोरडी न झाडता ओली करून पुसावी, नंतर हात साबणाने धुवावेत आणि खोकला-ताप हटत नसेल तर घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.