दुसऱ्याचा कोश पुरा करणारे कँडीसाहेब

बँकेच्या काउंटरवर, चाकणच्या प्रेस शॉपमध्ये आणि कंपनीच्या डिझाइन विभागात एकच इंग्रजी शब्द दिवसभर वावरत असतो : ड्रॉ. खात्यातून पैसे 'ड्रॉ' करायचे, पत्रा दाबून त्याला खोल आकार द्यायचा तोही 'ड्रॉ', आणि तो आकार ज्या कागदावरून ठरतो ते 'ड्रॉइंग'. सुटीच्या दिवशी कामगारांची फुटबॉलची मॅच बरोबरीत सुटली तर तीही 'ड्रॉ'च. पिंपरी-चिंचवडात हा शब्द आता कुणाला अडत नाही. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला असे हजारो शब्द अडले आणि त्या प्रत्येकापाशी ते थांबले. त्यांचे नाव थॉमस कँडी.

कँडींचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडातला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. दोघेही कंपनी सरकारच्या फौजेत आले, मराठी शिकले आणि जेम्स मोल्सवर्थ या अधिकाऱ्याच्या हाताखाली मराठी-इंग्रजी कोशाच्या कामाला लागले. पुढे जॉर्ज धर्मोपदेशक झाला. १८३१ साली कोश निघाला आणि मोल्सवर्थ हे नाव मराठी घरांत पोहोचले. आजही 'मोल्सवर्थ बघ' असे म्हणणारे जुने मास्तर आपल्याला आठवतात, 'कँडी बघ' असे म्हणणारा मात्र विरळा.

त्यानंतर उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थनी हाती घेतला. पण प्रकृतीने साथ दिली नाही. १८३६ साली ते मायदेशी परतले आणि अर्धवट काम कँडींच्या गळ्यात पडले.

हे काम पहिल्यापेक्षा कठीण होते, असे मला वाटते. मराठी शब्दाचा अर्थ हवा असेल तर शास्त्र्याला विचारा, शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. इंग्रजी शब्दाचे तसे नाही. आधी त्याचे पोट फाडून आत किती अर्थ आहेत ते पाहायचे आणि मग प्रत्येकाला मराठीत वेगळे घर शोधायचे. आपला 'ड्रॉ'च घ्या. बैल गाडी ओढतो, बाई विहिरीचे पाणी शेंदते, शिपाई तलवार उपसतो, चितारी चित्र काढतो, कारकून पगार उचलतो. शिवाय श्वास घ्यायचा, अनुमान काढायचे, पडदा सारायचा, चिठ्ठ्या टाकायच्या. इंग्रजाला या सगळ्याला एक शब्द पुरतो. मराठीत शब्द चुकला तर बाईला पाणी ओढावे लागेल आणि शिपायाला तलवार शेंदावी लागेल! कोश वापरणार होते ते नुकते इंग्रजी शिकू लागलेले विद्यार्थी आणि कचेरीतले कारकून. तिथली चूक त्यांच्या लिहिण्यात कायमची जाऊन बसली असती.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. चाकण पट्ट्यात आता स्पॅनिश मालकीचे कारखानेही आहेत. स्पॅनिश माणूसही 'ड्रॉ'पाशी असाच थबकतो. चित्रासाठी त्याच्याकडे 'दिबुहार', पत्र्याला खोल आकार देण्यासाठी 'एंबुतीर', सामना बरोबरीत सुटण्यासाठी 'एंपातार'. पैसे काढायचे असले की 'साकार', आणि हा 'साकार' म्हणजे थेट आपल्या 'काढणे'चा मावसभाऊ. त्यांच्यातही बँकेतून पैसे, दुखरी दाढ आणि समारंभात फोटो काढतात ते याच एका क्रियापदाने. आपण कर्जही काढतो आणि दिवसही काढतो. तिथे मात्र इंग्रजीचा 'ड्रॉ' कामाचा नाही.

१८४७ साली कोश मुंबईत छापून निघाला. योजना व आरंभ मोल्सवर्थ यांचा, पुढे चालवून पुरा केला कँडी यांनी, अशी नोंद मुखपृष्ठावर आहे. बँकेत माझी हयात गेली. दुसऱ्याने सुरू केलेली खातेवही पुरी जुळवून देणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या मानाने कँडींना न्याय मिळाला म्हणायचा.

दरम्यान १८३७ पासून विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच. सरकारी शाळांसाठी होणारी मराठी पुस्तके तपासणे हेही कामच. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले. तोवर मराठी लिहिणारा दंड टाकून मोकळा होई. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची रीत बसवण्यात कँडींचा हात मोठा.

त्यांच्या तपासणीने मराठीला इंग्रजी वळण लागले, असा आक्षेप पुढच्या पिढीने घेतला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. दुसऱ्याच्या भाषेत शुद्धाशुद्ध ठरवणारा साहेब कुणाला आवडेल? पण त्याच साहेबाने 'ड्रॉ'च्या जागी 'ड्रॉ'च ठेवून दिला नाही, ओढणे, उपसणे, काढणे यांतला फरक तपासला, हेही त्याच वहीत जमेला धरावे लागते.

मोल्सवर्थ १८५१ साली परत आले आणि १८५७ साली मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती काढून गेले. पुढे त्यांचे निधन झाले. इंग्रजी-मराठी कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती कँडींनी १८७३ साली काढली, तेव्हा त्यांनी अडुसष्टी ओलांडली होती. १८७७ साली तेही गेले.