घोड्याची बोटे शोधणारा शास्त्रज्ञ : ऑथ्निएल मार्श

पंजा टेबलावर उभा धरा आणि सगळा भार फक्त मधल्या बोटाच्या टोकावर देऊन बघा. जमत नाही ना? घोडा मात्र आयुष्यभर असाच उभा असतो! त्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. मग बाकीची बोटं गेली कुठे?

हे कोडं सोडवणाऱ्यांत ऑथ्निएल चार्ल्स मार्श यांचं नाव मोठं. त्यांचा जन्म १८३१ साली अमेरिकेतल्या लॉकपोर्टचा. आई लहानपणीच वारली. श्रीमंत मामा जॉर्ज पीबॉडी यांनी शिकवलं आणि १८६६ मध्ये मार्श येल इथे जीवाश्मशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८६८ मध्ये ते रेल्वेने पश्चिमेकडे निघाले होते. नेब्रास्कातल्या अँटिलोप स्टेशनवर विहीर खणताना माणसाची हाडं सापडल्याची बातमी होती. गाडी थांबली तेवढ्यात मार्श मातीचा ढीग उकरू लागले. हाडं निघाली चिमुकल्या घोड्याची. उंची जेमतेम तीन फूट, पायाला तीन बोटं!

युरोपीय लोक येण्याआधी हजारो वर्षं अमेरिकेतून घोडा नाहीसा झाला होता. त्यामुळे घोड्याचा इतिहास म्हणजे युरोपचा, असंच विद्वान मानत. मार्श यांनी पुढे विद्यार्थ्यांना घेऊन मोहिमा काढल्या, पेट्याच्या पेट्या हाडं जमवली. १८७६ मध्ये इंग्लंडचे थॉमस हक्सली ती बघायला आले. ते शंका काढत, मार्श नवी पेटी मागवत. शेवटी हक्सलींनी आपलं ठरलेलं भाषणच बदललं. केवढा मोठेपणा हा!

त्याच वर्षी मार्श यांनी ‘इओहिप्पस’, म्हणजे ‘पहाटेचा घोडा’, जगापुढे आणला. सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी कोल्ह्याएवढा. पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना तीन. दात बुटके, म्हणजे खाणं कोवळ्या पाल्याचं; गवतासारखा चरबट चारा त्या दातांना झेपला नसता. पुढच्या पिढ्यांत दात उंच होत गेले, कडेची बोटं झिजत गेली. आजच्या घोड्याच्या पायात त्यांच्या जागी दोन बारीक हाडं उरली आहेत, कातडीखाली.

मार्श स्वभावाने मात्र सरळ नव्हते. एडवर्ड कोप या शास्त्रज्ञाशी त्यांचं हाडांवरून असं वैर जुंपलं की दोघांचीही संपत्ती त्यात गेली. १८९९ मध्ये मार्श वारले, तेव्हा बँकेत १८६ डॉलर होते. हाडं मात्र येलच्या पीबॉडी संग्रहालयात आहेत.